‘डी’ म्हणजे डिप्लोमा, पण कोणता?

तालुक्याच्या गावातल्या एखाद्या व्यापारी संकुलाच्या जिन्यात उभं राहून पाट्या वाचून पाहाव्यात. पहिल्या मजल्यावर स्त्रीरोगतज्ज्ञ: एम.बी.बी.एस., डी.जी.ओ. शेजारी बालरोगतज्ज्ञ: एम.बी.बी.एस., डी.एन.बी. समोरच्या खोलीत हाउसिंग सोसायट्यांचे हिशेब तपासणारे गृहस्थ: बी.कॉम., जी.डी.सी. अँड ए. तळमजल्यावर मेडिकलचं दुकान. तिथे काउंटरमागे डी.फार्म. झालेल्या फार्मासिस्टचं नोंदणी प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत लावलेलं. आणि पार टोकाला ब्यूटी पार्लर, ‘डिप्लोमा इन ब्यूटी कल्चर’. प्रत्येक ठिकाणी एक ‘डी’ आहे. त्यातला एक बारावीनंतर दोन वर्षांत मिळतो, एक एम.बी.बी.एस.नंतर दोन वर्षांनी, एक एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षांनी. एकाची परीक्षा सरकारचं सहकार खातं घेतं आणि एक सहा महिन्यांच्या क्लासनंतर क्लासवालेच देतात. शब्द मात्र एकाच घराण्यातला.

महाराष्ट्रात कुणी नुसतं ‘डिप्लोमा केलाय’ म्हटलं, तर ऐकणारा फारसं विचारत बसत नाही. दहावी, मग तंत्रनिकेतन, तीन वर्षं, मेकॅनिकल नाहीतर सिव्हिल, एवढं त्याने मनात धरलेलं असतं. लग्नाच्या बायोडेटात डी.एम.ई., डी.सी.ई. अशी अक्षरं येतात. ‘मुलगा डिप्लोमाला आहे’ असं सांगताना मात्र घरच्यांचा सूर किंचित सफाई दिल्यासारखा होतो आणि पाठोपाठ येतं, ‘पुढे डिग्री करणारच आहे.’ तशी सोयही आहे. पदविकाधारकांना अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. मग वर्गात दोन तट पडतात, बारावीवाले आणि डिप्लोमावाले. ड्रॉइंगची शीट आणि वर्कशॉप आलं की डिप्लोमावाल्यांचा हात सराईतपणे चालतो. बारावीवाला लेथकडे बिचकत बघत असतो. एम-थ्रीचा पेपर आला की नेमकं उलट होतं, कारण बारावीचं आणि पहिल्या वर्षाचं गणित डिप्लोमावाल्यांच्या वाट्याला त्या क्रमाने आलेलंच नसतं. ज्ञान कमी की जास्त, असा हा मामलाच नाही. दोन वेगळ्या वाटांनी आलेली माणसं एका बाकावर बसलेली असतात, एवढंच.

तरीही डिप्लोमा धाकटा मानला जातो, आणि याला थोडी मराठीही जबाबदार आहे. आपण त्याला ‘पदविका’ म्हणतो. नाटकाची नाटिका होते तशी पदवीची पदविका. लहानपण शब्दातच शिवलेलं. मूळ इंग्रजी शब्दाच्या अंगात असं लहानपण कुठेच नाही, इतकंच नव्हे तर डिग्री आणि डिप्लोमा हे एका मापाने मोजायचे शब्दच नाहीत. डिग्रीच्या मुळाशी लॅटिन ‘ग्रेडुस’ आहे, म्हणजे पायरी. आपला ‘पदवी’ही पावलाशीच जोडलेला, संस्कृतात त्याचा एक अर्थ वाट असा आहे. दोन्ही शब्द माणूस कुठवर चढला ते सांगतात. डिप्लोमा माणसाबद्दल काहीही सांगत नाही. तो कागदाबद्दल बोलतो, तेही कागदावर काय लिहिलंय याबद्दल नव्हे, तर कागद कसा दुमडलाय याबद्दल.

ग्रीक भाषेत ‘डिप्लोमा’ म्हणजे दुहेरी केलेली, घडी घातलेली वस्तू. त्यातला ‘डि’ आणि आपला ‘द्वि’ एकाच कुळातले. रोमन साम्राज्यात हा शब्द गेला तेव्हा त्याला सरकारी वजन आलं. साम्राज्याच्या रस्त्यांवर ठरावीक अंतरांवर घोडे आणि गाड्या तयार ठेवलेल्या असत, पण त्या सरकारी कामासाठी. ज्याच्याकडे सम्राटाच्या नावाचा परवाना असेल त्यालाच त्या मिळत. या परवान्याला डिप्लोमा म्हणत. तो किती जपून वापरायचा असे, याची एक छान हकिगत धाकट्या प्लिनीच्या पत्रव्यवहारात सापडते. इ.स. 111-112च्या सुमारास तो आजच्या तुर्कस्तानातल्या बिथिनिया प्रांताचा कारभार बघत होता. एकदा त्याने सम्राट ट्रेजनला विचारलं की मुदत संपलेले परवाने चालतील का. उत्तर आलं, अजिबात चालणार नाहीत, आणि म्हणूनच नवे परवाने मुदतीआधी सगळ्या प्रांतांत पोचतील अशी व्यवस्था मी कटाक्षाने करतो. पुढे प्लिनीची बायको कॅल्पुर्निया हिचे आजोबा वारले. तिला आत्याकडे तातडीने जायचं होतं. प्लिनीने तिला सरकारी परवान्यावर पाठवलं आणि मग स्वतःच सम्राटाला पत्र लिहून कबुली दिली, की आजवर खाजगी कामाला एकही परवाना दिला नव्हता, पण या वेळी तिचं मन मोडवेना. ट्रेजनने समजूतदारपणे मान्यता दिली. सरकारी गाडी कुणाच्या घरच्या कामाला फिरते हा विषय इतका जुना आहे.

डिप्लोमा या नावाशी जोडली गेलेली दुसरी रोमन वस्तू तर हातात धरून बघता येते. नागरिक नसलेले लोक रोमच्या साहाय्यक पलटणींत भरती होत. पंचवीस वर्षं चाकरी केली की त्यांना रोमन नागरिकत्व मिळे. त्याचा पुरावा म्हणून तळहाताएवढे काशाचे दोन पत्रे दिले जात. मजकूर आतल्या बाजूला कोरलेला, तोच पुन्हा बाहेरच्या बाजूला. दोन्ही पत्रे एकमेकांवर ठेवून भोकांतून तार ओवायची, पीळ घालायचा, आणि तारेवर सात साक्षीदारांच्या मोहरा उठवायच्या. रोजच्या व्यवहारात बाहेरचा मजकूर दाखवायचा. कुणी शंका घेतलीच तर मोहरा तोडून आतला मजकूर ताडून बघायचा. मूळ फर्मान रोममध्ये भिंतीवर लावलेलं असे, आणि ते कुठे लावलंय हेही पत्र्यावर नोंदवलेलं असे. आपल्याकडचे राष्ट्रकूट-शिलाहारांचे ताम्रपट ज्यांनी पाहिलेत त्यांना ही रचना परकी वाटणार नाही; तिथेही पत्रे कडीत ओवून कडीवर राजमुद्रा असते. रोमन पत्र्यांपैकी सर्वांत जुना ज्ञात नमुना इ.स. 52 मधला, सम्राट क्लॉडियसच्या कारकिर्दीतला. आतापर्यंत असे हजाराहून जास्त पत्रे, बहुतेक तुकड्यातुकड्यांनी, सापडले आहेत. त्यांना डिप्लोमा हे नाव आधुनिक अभ्यासकांनी दिलं, रोमन शिपाई त्यांना तसं म्हणत नसत. पण नाव चपखल आहे. पंचवीस वर्षांचं काम, वरच्या सत्तेचा शिक्का आणि त्यातून मिळणारा एक ठोस हक्क, हे सगळं त्या जोडपत्र्यात आहे.

मध्ययुगात राजे आणि पोप यांनी दिलेल्या दानपत्रांना, हक्कपत्रांना डिप्लोमा म्हणू लागले. साहजिकच खोटी दानपत्रंही मुबलक झाली. 1675 मध्ये डॅनियल पापेब्रोख या जेझुइट पंडिताने बेनेडिक्टाइन मठांच्या कित्येक जुन्या कागदांवर संशय घेतला. त्या पंथाच्या जाँ माबियों याने सहा वर्षं खपून 1681 मध्ये ‘दे रे डिप्लोमॅटिका’ हा ग्रंथ काढला. खरा दस्तऐवज आणि बनावट दस्तऐवज कसा ओळखायचा, अक्षराचं वळण, शाई, मोहोर, भाषा, तारीख घालायची पद्धत कशी तपासायची, याचं शास्त्र त्याने मांडलं. पापेब्रोखने ते वाचून मोकळेपणाने मान्य केलं, हे पंडितांच्या भांडणात क्वचित घडतं. अशा राजकीय कागदपत्रांशी ज्यांचा संबंध, ते पुढे डिप्लोमॅट आणि त्यांचा उद्योग तो डिप्लोमसी. म्हणजे राजदूत आणि तंत्रनिकेतनातून बाहेर पडलेला पोरगा हे शब्दाच्या नात्याने चुलतभाऊ ठरतात.

या नात्यातली आणखी एक गंमत बालरोगतज्ज्ञांच्या पाटीवर आहे. डी.एन.बी. मधला ‘डी’ डिप्लोमाचा नाहीच. तो ‘डिप्लोमेट’चा आहे. डिप्लोमेट म्हणजे एखाद्या मंडळाची परीक्षा देऊन त्याचा डिप्लोमा मिळवलेला माणूस. राष्ट्रीय परीक्षा मंडळ 1975 पासून या परीक्षा घेतं आणि त्यांचा दर्जा एम.डी., एम.एस.च्या बरोबरीचा आहे. डी.जी.ओ., डी.सी.एच. या मात्र खऱ्या अर्थाने पदविका, दोन वर्षांच्या. एकाच जिन्यातले दोन ‘डी’ एका वर्षाने आणि एका पायरीने वेगळे, आणि हे पेशंटला कुणी सांगत नाही. त्यात हृदयरोगतज्ज्ञांच्या नावापुढचं डी.एम. आलं की गोंधळ पुरा होतो. तो ‘डी’ डॉक्टरेटचा, एम.डी.च्याही पुढचा.

मला विचाराल तर डिप्लोमाला सगळ्यांत जवळचा आपला शब्द पदविका नव्हे, सनद. फारसी-अरबी वाटेने आलेला, राज्यकर्त्याने दिलेल्या अधिकारपत्राचं नाव असलेला. तो अजूनही चांगला वापरात आहे. सनदी अधिकारी, सनदी लेखापाल म्हणतोच आपण. वकिलांच्या तोंडी तर रोजचा आहे. एलएल.बी. झालं म्हणजे कोर्टात उभं राहता येतं असं नाही. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी व्हावी लागते, आणि ती झाली की मंडळी पेढे वाटत सांगतात, ‘सनद मिळाली.’ (आता त्यापुढे अखिल भारतीय बार परीक्षाही आहे.) पदवी विद्यापीठाची, सनद व्यवसायाची. चार्टर्ड अकाउंटंटकडे तर पदवी नावाची वस्तूच त्या विषयातली नसते. 1949च्या कायद्याने उभी राहिलेली संस्था त्याला सभासद करून घेते आणि त्याची सही चालू लागते. यू.जी.सी.ने 2021 मध्ये नेट परीक्षेपुरतं सी.ए.ला पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीचं मानलं, तोवर सरकारी तक्त्यात त्याची जागा कुठे हे कुणाला धड सांगता येत नव्हतं.

अमेरिकेत डिप्लोमा अजून आपल्या मूळ अर्थाजवळ आहे. तिथे पदवी मिळते ती ‘डिग्री’ आणि समारंभात हातात पडतो तो जाड कागद ‘डिप्लोमा’, मग ती पदवी बी.ए.ची असो की पीएच.डी.ची. हा कागद एके काळी मेंढीच्या कातड्यावर लिहीत, म्हणून त्याला गमतीने ‘शीपस्किन’ म्हणायची पद्धत पडली. शाळा संपल्यावर मिळतो तोही ‘हायस्कूल डिप्लोमा’, म्हणजे आपली बारावी. आपल्याकडे पदवीच्या कागदाला पदवी प्रमाणपत्र हा वेगळा शब्द असल्याने डिप्लोमा मोकळा राहिला आणि एका वेगळ्या पातळीला चिकटला. त्यामुळे अमेरिकी अर्जात ‘हायस्कूल डिप्लोमा आहे का’ हा रकाना आला की आपला तंत्रनिकेतनवाला हमखास अडखळतो.

जर्मनीत आपल्या उलट. तिथला जुना ‘डिप्लोम-इंजिनियर’ हा पाचेक वर्षांचा, आपल्या पदव्युत्तराच्या तोडीचा शिक्षणक्रम होता. 1999 नंतर युरोपातल्या बोलोन्या सुधारणांनी त्याची जागा बहुतांशी बॅचलर-मास्टरने घेतली. चाकणच्या एखाद्या जर्मन कंपनीत पन्नाशीच्या साहेबांच्या व्हिजिटिंग कार्डावर ‘डिप्ल.-इंग.’ दिसलं, तर ते आपल्या अर्थाने ‘डिप्लोमावाले’ नाहीत. मुंबई-पुण्याच्या महागड्या आंतरराष्ट्रीय शाळांमधला आय.बी. डिप्लोमा म्हणजे पुन्हा बारावीच.

आता आपल्या देशातला कायदा. 1956च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याचं बाविसावं कलम सांगतं, की डिग्री देण्याचा हक्क फक्त केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांना आहे. (हे मोडल्याबद्दलचा दंड त्या कायद्यात जास्तीत जास्त एक हजार रुपये आहे, 1956 मध्ये ती रक्कम धाक घालणारी असेल.) डिप्लोमा या शब्दाभोवती मात्र त्या कायद्याने असं कुंपण घातलेलं नाही. तंत्रशिक्षण, औषधनिर्माण, अध्यापन, वैद्यक इथे आपापल्या नियामक संस्था आहेत, तिथे मान्यता लागतेच. बाकी ठिकाणी क्लासवाला ‘बी.ए.’ देऊ शकत नाही, पण ‘डिप्लोमा इन’ लिहून पुढे मनाला येईल ते जोडायला त्याला फार अडचण येत नाही. पार्लरच्या भिंतीवरचा कागद आणि तंत्रनिकेतनाचा कागद एकाच नावाने वावरतात ते यामुळे.

आणि त्याच मोकळ्या शब्दाने वरच्या टोकालाही फार मोठी सोय केली. कलकत्ता आणि अहमदाबादचे आय.आय.एम. 1961 मध्ये सुरू झाले ते नोंदणीकृत संस्था म्हणून. विद्यापीठ नाही, म्हणून डिग्री देता येत नव्हती. मग त्यांनी ‘पोस्ट ग्रॅज्युएट डिप्लोमा’ दिला, आणि पुढची पाच-साडेपाच दशकं देशातला सर्वांत हवाहवासा व्यवस्थापनाचा कागद हा कायद्याच्या भाषेत डिप्लोमाच होता. डॉक्टरेटच्या तोडीचं संशोधन केलेल्यांनाही पीएच.डी. न देता ‘फेलो’ म्हणावं लागे. 2017चा आय.आय.एम. कायदा जानेवारी 2018 अखेरीस अमलात आला, तेव्हा कुठे त्यांना डिग्री देण्याचा अधिकार मिळाला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचीही 2025 पर्यंत तीच तऱ्हा होती. तिथल्या विद्यार्थ्याच्या शेवटच्या चित्रपटाला ‘डिप्लोमा फिल्म’ म्हणतात, आणि त्या नावात कुणालाही कमीपणा वाटलेला मी पाहिलेला नाही. मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडलेल्यांच्या कितीतरी पिढ्यांनी नावापुढे ‘जी.डी. आर्ट’ ठसक्यात लिहिलं. गव्हर्न्मेंट डिप्लोमा! चित्रकाराचा हात चांगला असेल तर ती अक्षरं बी.एफ.ए.पेक्षा उणी आहेत का, असं कुणी विचारलं नाही.

डिग्री वर आणि डिप्लोमा खाली ही उतरंड दोन ठिकाणी तर साफ मोडते. पहिलं ठिकाण आपल्या सोसायटीच्या ऑडिटचं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात ‘प्रमाणित लेखापरीक्षक’ कोण, याची व्याख्या आहे. त्याच्याकडे विद्यापीठाची पदवी हवी, शिवाय जी.डी.सी. अँड ए. हा सहकार आणि लेखाकर्मातला शासकीय डिप्लोमा हवा, संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि मराठीचं कामापुरतं ज्ञान हवं. नुसत्या बी.कॉम.ला इथे कुणी दारात उभं करत नाही; पदवी पाया, पदविका त्यावरची. दुसरं ठिकाण प्राथमिक शाळेचं. पहिली ते पाचवीच्या शिक्षकाला बारावीनंतरची दोन वर्षांची डी.एड., म्हणजे आताची डी.एल.एड., ही अर्हता लागते. 2018 मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने अधिसूचना काढून बी.एड.वाल्यांनाही तिथे वाट करून दिली. राजस्थानातून हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ऑगस्ट 2023 मध्ये न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरवली. बी.एड. वरची खरी, पण सहा वर्षांच्या पोराला शिकवण्याचं शिक्षण त्यात नाही, असं त्याचं सार. ज्यांनी बी.एड.वर लाखभर रुपये आणि दोन वर्षं खर्च केली त्यांना ते झोंबलं, आणि त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. अधिसूचना सरकारचीच होती.

आता 2020च्या शैक्षणिक धोरणाने या शब्दाला आणखी एक काम लावलंय. पदवीचं शिक्षण एका वर्षाने सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी सोडलं तर डिप्लोमा, तीन वर्षांनी डिग्री. म्हणजे बी.ए. अर्ध्यावर सोडलेल्याच्या हातीही डिप्लोमा असेल. पूर्वी अशा माणसाला ‘इंटर झालाय’ म्हणत. तेवढा तरी प्रामाणिक शब्द होता तो. तंत्रनिकेतनात तीन वर्षं लेथवर उभं राहून मिळवलेला डिप्लोमा आणि हा, दोघे एकाच नावाने नोकरीच्या बाजारात उतरतील, आणि मला यात तंत्रनिकेतनवाल्याचं नुकसान दिसतं.

म्हणून कनिष्ठ अभियंत्याच्या सरकारी जाहिरातीतलं अर्हतेचं वाक्य सावकाश वाचावं. साधारण असं असतं: मान्यताप्राप्त संस्थेची स्थापत्य अभियांत्रिकीतील तीन वर्षे कालावधीची पदविका किंवा शासनाने तिच्याशी समतुल्य म्हणून घोषित केलेली अर्हता. यातला ‘पदविका’ हा शब्द सर्वांत कमी काम करतो. ‘मान्यताप्राप्त’ क्लासवाल्यांना बाहेर काढतो. ‘स्थापत्य’ मेकॅनिकलवाल्याला थांबवतो. ‘तीन वर्षे’ हे शब्द दोन वर्षांनी बाहेर पडलेल्याला थांबवतात. आणि ‘घोषित केलेली’ याचा अर्थ असा, की तुमच्या प्राचार्यांना, क्लासच्या सरांना किंवा तुम्हाला स्वतःला तुमचा कागद समतुल्य वाटून उपयोग नाही, त्याचा शासन निर्णय निघालेला असला पाहिजे. अर्जाची फी भरण्याआधी त्या शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख मिळते का ते बघावं. कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर नेमकं तेच मागतात.